नाताळच्या चौकटीबाहेरची ख्रिस्ती गाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत 'ऐकावीत अशी ख्रिस्ती गाणी' अशी एक चौकट आली होती. तीत सायलेंट नाइट, जिम रीव्ह्ज, बोनी एम आणि जिंगल बेल्स. शेवटच्या गाण्यात येशूही नाही आणि नाताळही नाही, नुसती घोडागाडी आणि बर्फ आहे. पण ते असो. पुढच्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र छापून आलं. हल्ली चर्चमध्ये गिटार आणि ड्रम घुसले आहेत, तरुणांनी हे पाश्चात्त्य अनुकरण सोडून मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची (ते १९१९ साली गेले) भजनं गावीत, असा त्यांचा सूर होता. एकाने ख्रिस्ती संगीताला डिसेंबरात बसवलं, दुसऱ्याने १९१९ सालात. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कात्री लावायची तर शेवटाकडून लावावी.

मी मिरजेची. नोकरी परिचारिकेची झाली, बरीचशी रात्रपाळीत. नर्सिंग हॉस्टेलमध्ये नागालँड-मिझोरमच्या मुली गिटार घेऊनच यायच्या, आणि अमेरिकेहून येणारे पाहुणे डॉक्टर परत जाताना कॅसेटी ठेवून जायचे. गिटार मी त्या मुलींकडून शिकले, अजून बोटं चालतात. आणि टिळकांची भजनं मला पाठ आहेत. 'उपासना संगीत' हे आमचं गीतपुस्तक उशाशीच असतं. त्यामुळे मला कुणी टिळकविरोधी ठरवू नये.

आधी त्या ज्येष्ठ वाचकांशी बोलते. गिटार परदेशी म्हणून नको, तर पेटीचं काय करायचं? पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी पायपेटीची हातपेटी केली, आणि तिच्यावर आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांच्या वर बहिष्कार टाकला होता, कारण ती आपली नव्हे. आज तिच्याशिवाय ना कीर्तन उभं राहतं ना आमची उपासना. गिटारला थोडा वेळ द्या की हो.

दुसरं म्हणजे, रॉक क्लबातून चर्चमध्ये आलं हे उलटं आहे. ते पुष्कळसं चर्चमधूनच बाहेर गेलं. सिस्टर रोझेटा थार्प ऐका. १९१५ साली आर्कान्सासमध्ये कापसाच्या मुलखात जन्मलेली ही कृष्णवर्णी बाई. आई सुवार्ता सांगत फिरायची, मुलगी लहानपणापासून तिच्याबरोबर गिटार घेऊन. १९४४ साली तिने 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे भक्तिगीत ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा एल्विस प्रेस्ली नऊ वर्षांचा होता. रॉक अँड रोलची सुरुवात कुठे झाली यावर वाद घालणारे आज या गाण्यापाशी येऊन थांबतात. रॉकच्या मानकऱ्यांच्या दालनात, 'हॉल ऑफ फेम'मध्ये, तिला २०१८ मध्ये घेतलं. तिला जाऊन तोवर जवळजवळ पंचेचाळीस वर्षं झाली होती.

तिचं एक चित्रीकरण यूट्यूबवर आहे, ते मात्र बघाच. १९६४, मँचेस्टर. वापरात नसलेलं एक रेल्वे स्टेशन, एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर गाणारे. पाऊस पडून गेलेला. बाई जाड कोट घालून घोडागाडीतून उतरतात, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवतात आणि बायबलातल्या नोहाच्या जलप्रलयाच्या पावसाचं गाणं सुरू करतात. मधेच एकटी गिटार वाजते तेव्हा त्यांचा चेहरा बघा. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, आज्या टाळ्यांच्या भजनात अशाच रंगतात. हे चित्रीकरण बघून 'गिटार भक्तीला शोभत नाही' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता माझ्या शिफारशी. पण मी गाणी कशावरून निवडते ते आधी सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईच्या आवडीनिवडी म्हणून सोडून द्याल. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, दीडशे स्तोत्रं घ्या. त्यांत स्तुती आहे तशीच तक्रारही आहे, आणि तक्रार थोडीथोडकी नाही. तेरावं स्तोत्र 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं देवाला थेट विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. ज्या ख्रिस्ती गाण्यात ही बाजू आहे, देवाशी भांडण आहे, किंवा गाणारा स्वतःच्याच मंडळीला खरं सुनावतो आहे, ते मी ठेवते. नुसतं 'सगळं छान आहे, टाळ्या वाजवा' असेल तर पुढे जाते. तुकोबा वाचलेल्या मराठी माणसाला ही कसोटी समजावून सांगायला नको. टिळक म्हणाले होते की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तो पूल अजून शाबूत आहे आणि दोन्ही बाजूंनी चालता येतो.

पहिला लॅरी नॉर्मन. साठीच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात लांब केसांची हिप्पी पोरं मोठ्या संख्येने येशूकडे वळली. समुद्रात बाप्तिस्मा घ्यायची, अनवाणी उपासनेला यायची. जुन्या मंडळ्यांना ती गालिच्यावर नको होती. त्या लाटेतला हा गायक. त्याचा १९६९ चा 'अपॉन धिस रॉक' हा ख्रिस्ती रॉकचा पहिला आल्बम मानतात, पण मी १९७२ चा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' सुचवेन. लंडनला बीटल्सच्या निर्मात्याच्या, जॉर्ज मार्टिन यांच्या स्टुडिओत तो मुद्रित झाला. त्यातल्या एका गाण्यात व्हिएतनामचं युद्ध आहे, काळ्या माणसांवरचा अन्याय आहे, आणि पोटं उपाशी असताना चंद्रावर जाण्यात घातलेला पैसाही आहे. दुसऱ्या एका गाण्यात गुप्तरोगाचं नाव सरळ उच्चारलेलं आहे. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातली नोंदवही खाली ठेवली. आमच्या बाह्यरुग्ण विभागात जो शब्द आम्ही कुजबुजत बोलायचो, तो येशूच्या गाण्यात! त्याच आल्बममध्ये त्याने विचारलंय की चांगलं संगीत सगळं सैतानालाच का द्यावं? पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कधी उत्तर द्यायचं असेल तर हे गाणं हाताशी ठेवा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत हा आल्बम घेतला आहे.

पण एकच माणूस निवडायचा असेल तर मी कीथ ग्रीनला निवडते. पियानो वाजवून गायचा, आणि वाजवणं म्हणजे पेटी फोडायची बाकी ठेवायचा. १९७७ ते १९८२ एवढीच त्याची ख्रिस्ती गायनाची कारकीर्द. 'अस्लीप इन द लाइट' हे त्याचं गाणं मंडळीला उद्देशून आहे: दारात माणसं येतात, तुम्ही त्यांना आशीर्वाद देऊन वाटेला लावता आणि स्वतः उजेडात झोपता. चर्चच्या बाकावर बसून ऐकायला हे गाणं अवघड आहे. मंडळीच्या वार्षिक सभेत लावावं अशी माझी जुनी इच्छा आहे, अजून कुणी मनावर घेतलेली नाही.

त्याच माणसाचा विनोद ऐकायचा असेल तर 'सो यू वाना गो बॅक टू इजिप्त'. मोशेबरोबर निघालेले इस्राएली लोक रानात कुरकुरताहेत, की रोज मान्ना (देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न), सकाळी मान्ना, दुपारी मान्ना, मान्न्याचे बर्गर, मान्न्याचा सूफ्ले. त्यापेक्षा मिसरातली गुलामी बरी, निदान कांदा-लसूण मिळायचा! हॉस्टेलच्या मेसमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं एकच उसळ खाल्ली आहे त्यांना हे गाणं वेगळं समजवावं लागत नाही. याच नावाचा त्याचा १९८० चा आल्बम. तो काढायला नवराबायकोने घर गहाण टाकलं आणि रेकॉर्डला किंमतच ठेवली नाही; परवडेल ते द्या, काहीच परवडत नसेल तर फुकट घ्या. त्यातल्या एका गाण्यात हार्मोनिका बॉब डिलनने वाजवली आहे. २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमध्ये एका लहान विमानात प्रमाणाबाहेर माणसं बसली आणि उड्डाणानंतर लगेच ते कोसळलं. बाराही जण गेले. कीथ अठ्ठावीस वर्षांचा होता. बरोबर त्याची दोन लहान मुलं होती.

त्याचं आणखी एक, खास माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी. बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली मेंढरं आणि शेरडं ही गोष्ट, माणसांचे दोन कळप करून न्याय होतो ती, तो पियानोवर वाचतो, गातो, मधेच थट्टा करतो. 'मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात' हे तिथलं वाक्य हॉस्पिटलांच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. गाण्याच्या शेवटी कीथ म्हणतो की दोन्ही कळपांत फरक एवढाच, कुणी काय केलं आणि कुणी काय केलं नाही. बस, तिथेच थांबतो, पुढे सूर नाही. परिचर्या शिकणाऱ्या मुलींना मी हे ऐकवत आले आहे, त्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळ्या असायच्या. ऐकून कुणी बाटलं नाही. आमच्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मांडीला मांडी लावून कोण कोण बसलेलं असतं ते येऊन बघावं.

डिलनचं नाव निघालंच आहे तर त्याचा १९७९ चा 'स्लो ट्रेन कमिंग'. येशूकडे वळल्यावरचा पहिला आल्बम, गिटारवर मार्क नॉफ्लर. शब्दांत थोडा धाकदपटशा आहे, पण वादन अव्वल.

रिच मलिन्स हे नाव भारतात कमी ऐकू येतं. 'ऑसम गॉड' हे त्याचं गाजलेलं गाणं शिबिरांत गातात, ते मला फारसं आवडत नाही. तुम्ही १९९३ चा 'अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगामफिन बँड' ऐका. आपण दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून 'मी विश्वास धरतो' म्हणतो ना, तो पाठ त्याने जसाच्या तसा गाण्यात घेतलाय आणि त्याला हॅमर्ड डल्सिमरची साथ दिलीय. म्हणजे आपल्या संतूरच्या भावकीतलंच वाद्य, तारांवर काड्यांनी वाजवायचं. मिरज तंतुवाद्यांचं गाव. इथल्या एका सतारमेकरांना मी ते ऐकवलं तर त्यांनी शब्दांकडे लक्षच दिलं नाही, तारा किती असतील एवढंच विचारत बसले. याच आल्बमात 'होल्ड मी जीझस' आहे. मोहापुढे पाय लटपटतायत, मला धरून ठेव, एवढंच मागणं. मिळकतीचा हिशेब या माणसाने स्वतःकडे ठेवला नाही. सामान्य अमेरिकन कामगाराला मिळतो तेवढा पगार मला द्या, बाकीचं दान करा, असं सांगून ठेवलेलं. शेवटची वर्षं न्यू मेक्सिकोत नाव्हाहो आदिवासींच्या वस्तीवर मुलांना संगीत शिकवण्यात घालवली आणि १९९७ मध्ये मोटार अपघातात गेला.

एमी ग्रँट सगळ्यांना माहीत आहे ती 'बेबी बेबी'मुळे. १९९१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुष्कळ ख्रिस्ती लोक रागावले की देव सोडून ही प्रेमगीतं गाते. गाणं मुळात तिला सुचलं होतं स्वतःच्या तान्ह्या मुलीवरून! मंडळीतल्या कुजबुजीला देशाची सीमा नसते. तिचा १९८८ चा 'लीड मी ऑन' घ्या. त्याच्या शीर्षकगीतात उन्हात राबणारे गुलाम आणि छळछावण्यांकडे माणसं कोंबून नेणाऱ्या आगगाड्या आहेत, आणि तरी ते प्रार्थनागीत आहे.

'जार्स ऑफ क्ले' या चौघांचं १९९५ चं 'फ्लड'. साधी गिटार, खाली व्हायोलिनच्या कुळातली वाद्यं, आणि पावसाने चिखलात रुतलेल्या माणसाची हाक: चाळीस दिवसांनंतर मला पोहवलं नाही तर वर उचल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही एका शाळेत पूरग्रस्तांसाठी औषधं वाटत होतो. नातू मोबाइलवर हेच गाणं लावून बसला. मी त्याला ओरडले, बंद कर म्हटलं. शेजारची एक पूरग्रस्त बाई म्हणाली, राहू दे हो, जनरेटरच्या आवाजापेक्षा बरं आहे. तिला इंग्रजी येत नव्हतं. या मुलांनी पुढे आफ्रिकेत स्वच्छ पाण्यासाठी आणि एड्सग्रस्तांसाठी संस्था काढली, म्हणून त्यांच्याविषयी जरा जास्तच ममता आहे.

नातवाची पसंती स्विचफूट हा बँड. सॅन डिएगोची, समुद्रलाटांवर फळ्या घेऊन स्वार होणारी पोरं. आम्ही श्रद्धेने ख्रिस्ती आहोत, संगीताच्या प्रकाराने नाही, असं ते म्हणतात, हे मला पटतं. २००३ चा 'द ब्यूटिफुल लेटडाउन' ऐका. स्ट्रायपर हे बँडवाले मात्र मला झेपत नाहीत. पिवळे-काळे पट्टे, किंचाळणं, आणि श्रोत्यांत बायबलं फेकणं. पुस्तक हातात द्यावं, फेकू नये, अशी आमची रविवारच्या शाळेतली शिकवण.

ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड लखनौत जन्मला, १९४० साली. त्याची रोमँटिक गाणी आमच्या पिढीने डोक्यावर घेतली. १९६६ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभेत त्याने आपण ख्रिस्ताला मानतो हे जाहीर केलं, त्यानंतरची भक्तिगीतं मात्र इथे फार कुणी ऐकलीच नाहीत. १९९९ मध्ये त्याने प्रभूची प्रार्थना एका जुन्या स्कॉटिश चालीवर म्हटली. मोठ्या रेडिओ केंद्रांनी ती लावली नाही, तरी ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली. संगीत म्हणून बेताचीच आहे, पण गंमत म्हणून एकदा ऐकायला हरकत नाही.

यू-टू हे ख्रिस्ती बँड आहेत का यावर वाद घालू नये. १९८३ च्या 'वॉर'मधलं शेवटचं '४०' हे चाळिसाव्या स्तोत्रावरचं आहे, आणि त्यात तोच 'कोठवर?' पुन्हा पुन्हा येतो. स्टुडिओची वेळ संपत आली असताना घाईघाईत केलेलं गाणं, वर्षानुवर्षं त्यांच्या मैफिली त्याच्यावर संपत. २०१९ च्या डिसेंबरात ते नवी मुंबईत येऊन गेले.

सध्या चर्चमध्ये जे चालतं त्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर ज्येष्ठ वाचक म्हणतील मूळ तक्रारीला बगल दिली. सिडनीच्या हिलसाँग चर्चचं 'ओशन्स' (२०१३) चांगलं आहे, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालला त्या प्रसंगाचं. पण त्याच्या नकलांनी उच्छाद मांडलाय. चार ओळी सलाईनच्या थेंबांसारख्या पडत राहतात, दिवे मंद होतात, आणि पंधरा मिनिटांनी कळत नाही की आपण प्रार्थना केली की डुलकी काढली. इथे त्या ज्येष्ठ वाचकांचं-माझं एकमत आहे. फक्त दोष गिटारचा नाही, शब्दांच्या आळसाचा आहे.

आणि आपलं काय? 'आराधना' नावाच्या चमूने सतार आणि गिटार एकत्र घेऊन येशूची हिंदी भजनं गायली. सतारवादक क्रिस हेल गोरा, पण वाढला नेपाळात आणि सतार शिकला लखनौत. 'दीप जले' आणि 'अमृत वाणी' हे दोन आल्बम त्या ज्येष्ठ वाचकांनी आवर्जून ऐकावेत, अनुकरण कोण कुणाचं करतंय ते मला पत्राने कळवावं. दुसरी आठवण अस्सल मराठी. सत्तरीच्या दशकात दिग्दर्शक अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाटक केलं, त्यात यहूदा (येशूला धरून देणारा शिष्य) झाले होते आपले नंदू भेंडे, आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव, जे पुढे 'तीन पैशाचा तमाशा'त गाजले. हे भक्तिसंगीत नव्हे, कथा पुनरुत्थानाच्या आधीच थांबते, असं पाळक म्हणतात आणि ते खरंही आहे. पण येशूला जाब विचारणारा यहूदा एका मराठी रॉक गायकाने रंगवावा, याचा मला अभिमान वाटतो.

आता संपादकांना एक विनंती. पुढच्या नाताळची पुरवणी ठरवताना वसई, अहिल्यानगर, जालना, मिरज इथल्या तरुण संघांतल्या पोरांना विचारा, की त्यांनी स्वतः मराठीत काय रचलंय. मोबाइलवर मुद्रित केलेलं असेल, ड्रम जरा जोरातच असेल. त्यातली दोन-तीन गाणी छापा, चालीसकट. जिंगल बेल्सची जागा तेवढ्याने भरेल.

कळावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका,
मिरज